दहा परार्धांची एक अ‍ॅम्प्यूल

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’ रचली, तेव्हा एक, दश, शत, सहस्र अशी दहापटीची एकेक पायरी चढत संख्यांची नावं सांगितली आणि शेवटची पायरी ठेवली परार्ध. परार्ध म्हणजे एकावर 17 शून्यं. एवढी संख्या माणसाला कशासाठी लागेल, असं वाटतं ना? मग विषबाधेवरच्या अ‍ॅट्रोपीनची एक अ‍ॅम्प्यूल हातात घ्या. आत 1 मिलिलिटर द्रव, त्यात 0.6 मिलिग्रॅम औषध. वजन बारीक मिठाच्या दहाएक कणांएवढं. पण रेणू मोजले तर ते भरतात दहा परार्ध! माणसाच्या शरीरात सुमारे 37 लाख कोटी पेशी असतात. हे रेणू सगळ्या पेशींना सारखे वाटले, तर एकेकीच्या वाट्याला 27 हजार येतील.

शेतात फवारणी करताना अंगावर कीटकनाशक आलं, श्वासातून गेलं आणि माणूस घामाने निथळू लागला, तोंडाला फेस आला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, की दवाखान्यात याच अ‍ॅम्प्यूल फोडल्या जातात. त्या माणसाच्या पेशींच्या आत काय चाललेलं असतं, ते आकड्यांतूनच नीट कळतं.

मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात. एका पिशवीत 5 ते 10 हजार रेणू. पिशवी फुटली की हे रेणू समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या मस्करिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतात. या रिसेप्टरचे एम-1 ते एम-5 असे पाच प्रकार. लाळेच्या, घामाच्या आणि श्वासनलिकेतल्या ग्रंथींमध्ये मुख्य कारभार एम-3 चा. निरोप्या बाहेरच राहतो, आत जातो तो फक्त निरोप. रिसेप्टर आतल्या जी-प्रथिनाला जागं करतो, ते एका एन्झाइमला कामाला लावतं. एन्झाइम पेशीपटलातला मेद तोडून आयपी-थ्री नावाचे रेणू मोकळे करतं आणि ते पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराची दारं उघडतात. प्रत्येक टप्प्यावर एकाचे अनेक होत जातात.

आता त्या कॅल्शियमचा हिशेब. मिलिमीटरचा शंभरावा भाग लांब, रुंद आणि उंच अशी पेशी धरा. तेवढ्या पाण्यात 33 लाख कोटी रेणू मावतात. पण शांत पेशीच्या तेवढ्या जागेत सुटे कॅल्शियम आयन असतात जेमतेम 60 हजार. म्हणजे पाण्याच्या 55 कोटी रेणूंमागे एक! पेशीबाहेरच्या तेवढ्याच जागेत ते दहा हजार पट, 60 कोटींच्या घरात. बाहेर एवढा पूर असताना आत ही टंचाई राखायला पेशी सतत पंप चालवते, कारण त्या टंचाईमुळेच निरोप उमटतो. 60 हजारांचे 6 लाख झाले, की ग्रंथी पाझरू लागते.

निरोप पोचला की तो पुसावाही लागतो. ते काम अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज या एन्झाइमचं. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे 25 हजार अ‍ॅसिटिलकोलीन तोडू शकतो, मिनिटाला 15 लाख. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. विषाच्या एका रेणूने एक एन्झाइम गेलं, की मिनिटाला 15 लाख रेणू साफ करणारा एक हात गेला. निरोप साचत जातात, ग्रंथी थांबत नाहीत. हृदयातले एम-2 रिसेप्टर पोटॅशियमच्या वाटा उघडून ठोके मंद करतात. फुप्फुसं आपल्याच पाझराने भरतात आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

अ‍ॅट्रोपीन त्याच रिसेप्टरच्या खोबणीत बसतं आणि निरोप न देता जागा अडवतं. विष नाहीसं होत नाही, पण दारावरची थाप आत पोचत नाही. आयपी-थ्री तयार होणं थांबतं, कॅल्शियम कोठारात परततं, छाती कोरडी होते, नाडी वाढते. मात्र ही जागेसाठीची चढाओढ आहे. साचलेलं अ‍ॅसिटिलकोलीन जितकं जास्त, तितकं अ‍ॅट्रोपीनही जास्त लागतं. म्हणून गंभीर रुग्णाला आधी 3 अ‍ॅम्प्यूल, पाच मिनिटांत फरक नाही तर 6, मग 12, मग 24 असा डोस दुप्पट करत नेतात. चौथ्या पायरीला एका माणसासाठी 45 अ‍ॅम्प्यूल संपलेल्या असतात, त्याही पाऊण नव्हे, पाव तासात. स्नायूंवरचे अ‍ॅसिटिलकोलीनचे दुसरे, निकोटिनिक रिसेप्टर अ‍ॅट्रोपीन अडवत नाही, त्यामुळे श्वासाचे स्नायू दमले तर व्हेंटिलेटरच लागतो.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेक जण दगावले. ही आठवण ताजी ठेवून सांगतो: फवारणीच्या हंगामात ग्रामीण दवाखान्याच्या कपाटातला अ‍ॅट्रोपीनचा साठा रुग्णांच्या संख्येने मोजू नका, 45 च्या पाढ्याने मोजा. आणि शेतात कुणाला औषध बाधलं, तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी करवण्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. कीटकनाशकाचा डबा सोबत न्या.