छोटी रेल्वे, बंद खोली

रिकाम्या खोलीत १:८७ प्रमाणातली रेल्वे उभारणे हा निवृत्तीनंतरचा उत्तम छंद. पण रुळांना तारा जोडताना सोल्डरिंगचा जो धूर उठतो, तो बहुतांशी फ्लक्समधल्या राळेचा असतो. त्याने दमा जडू शकतो; आधीचा असेल तर बळावतो. सोल्डरमधले शिसे मात्र मुख्यतः बोटांवाटे पोटात जाते. नातवंडांना त्याचा धोका अधिक, कारण वाढत्या मेंदूला शिसे घातक असते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, शिसेविरहित सोल्डर वापरावे (धूर त्याचाही होतोच), तिथे चहा-फराळ टाळावा आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. सोल्डरिंगनंतर रात्री खोकला किंवा छातीत घरघर जाणवली, तर वयावर न ढकलता डॉक्टरांना या छंदाविषयीही सांगावे.