धबधब्यावर जाण्यापूर्वीचे गणित

श्रावण सुरू झाला की आमच्या वर्गात दर वर्षी एक चिठ्ठी टेबलावर येऊन पडते: "सर, धबधब्यावर जाऊ या." धबधबा म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आंबोली घाटातला तो रस्त्यालगतचा मोठा धबधबा येतो. तिथे रविवारी इतकी गर्दी असते की पाण्यापेक्षा माणसेच जास्त दिसतात. मी मुलांना सांगतो की जाऊ, पण तिथे नाही. थोडे आडवाटेचे, नकाशावर नाव नसलेले किंवा असूनही फारसे कोणी थांबत नाही असे पाणी पाहू. मात्र त्याआधी प्रत्येकाने एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसायचे. धबधब्याची सहल पायांनी होते हे खरे, पण ती सुरू होते आदल्या दिवशी कागदावर.

आपल्याकडे असे अनाम धबधबे इतके का, हे आधी पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यातले काही थर टणक, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पश्चिमेकडे सह्याद्रीचा उभा कडा आणि पावसाळ्यात समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे. वाहते पाणी ठिसूळ थर लवकर कोरते, टणक थर पायरीसारखा पुढे राहतो आणि त्यावरून पाणी उडी घेते. म्हणजे जिथे जिथे ओढा कड्याला भेटतो तिथे तिथे धबधबा. आपण शोधायचे एवढेच की कोणत्या ओढ्यापाशी सुरक्षितपणे पोहोचता येईल.

आधी परतीची वेळ

बहुतेक मंडळी सकाळी निघायची वेळ ठरवतात. तुम्ही उलट करा. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिंधुदुर्गात सूर्य साधारण पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि ढगाळ दिवशी दाट झाडीत त्याआधी तासभर अंधारून येते. समजा, फाट्यावरून शेवटची एस.टी. साडेपाचला आहे. तर पाचला फाट्यावर हजर असले पाहिजे. आता मागे मागे मोजत या.

डोंगरातल्या चालीसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. धबधबा फाट्यापासून ४ किलोमीटर असेल आणि चढ ३०० मीटरचा असेल तर ४८ मिनिटे अधिक ३० मिनिटे, म्हणजे ७८ मिनिटे. पण हा हिशेब कोरड्या वाटेचा आणि तरबेज माणसांचा. चिखल, शेवाळ, पायाला लागणाऱ्या जळवा आणि दर दहा मिनिटांनी "सर, थांबा ना" म्हणणारे कोणीतरी, हे सारे धरून मी ती वेळ सरळ दुप्पट करतो. अडीच तासांच्या थोडे वर. म्हणजे धबधब्यावरून सव्वादोनला परत फिरायचे. सकाळी आठला फाट्यावरून निघालात तर पावणेअकराला पोहोचाल. साडेअकरापर्यंत धबधबा दिसला नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरायचे. ही वेळ कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवा. दरीत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा कागदच बोलतो.

ओढ्याचे गणित

आता मुख्य भाग. धबधब्यापाशी होणाऱ्या अपघातांत कड्यावरून पडणे सगळ्यांना ठाऊक असते. पण वाहत्या पाण्यात उभे राहणे किती धोक्याचे आहे याचा अंदाज फार थोड्यांना असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात मुलेही होती. पाणी चढले तेव्हा ती माणसे प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना घट्ट धरून उभी होती.

पाणी आपल्याला किती जोराने ढकलते? दर सेकंदाला पायांवर येऊन आदळणाऱ्या पाण्याचे वस्तुमान वेगाच्या प्रमाणात असते आणि त्या पाण्याचा प्रत्येक किलोग्रॅममागचा संवेगही वेगाच्या प्रमाणात असतो. म्हणून ढकलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाणी पायाला वळसा घालून जाते, पुरते थांबत नाही, हे लक्षात घेऊन ढोबळ सूत्र असे: बल बरोबर अर्धा गुणिले पाण्याची घनता गुणिले पायांचे समोरचे क्षेत्रफळ गुणिले वेगाचा वर्ग.

समजा, पाणी गुडघ्यापर्यंत, म्हणजे ४५ सेंटीमीटर आहे आणि प्रत्येक पाय १० सेंटीमीटर रुंद आहे. दोन्ही पायांचे क्षेत्रफळ झाले ०·०९ चौरस मीटर. सेकंदाला १ मीटर वेगाला बल ४५ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोग्रॅम-भार. काहीच नाही! २ मीटर वेगाला १८० न्यूटन, म्हणजे १८ किलोग्रॅम-भार. ३ मीटरला ४०५ न्यूटन, म्हणजे ४१ किलोग्रॅम-भार. आता तुम्हाला धरून ठेवणारे काय आहे? फक्त घर्षण. तुमचे वजन ४५ किलोग्रॅम धरू. पाण्यात बुडालेल्या पायांवर उत्प्लावक बल सुमारे ७ किलोग्रॅम-भाराचे, म्हणजे तळव्यांवर उरले ३८. ओल्या दगडावर घर्षण गुणांक ०·३ धरला (शेवाळ असेल तर त्याहूनही कमी) तर घर्षण साडेअकराच्या आसपास. हिशेब करून पाहा: सेकंदाला सुमारे १·६ मीटर वेगाला पाय सुटतात. हा वेग शाळेची घंटा झाल्यावर तुम्ही चालता तेवढाच आहे.

पाणी कमरेपर्यंत आले की दोन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात. क्षेत्रफळ वाढते, आणि अर्धे शरीर पाण्यात असल्यामुळे तळव्यांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो. मग सेकंदाला पाऊण मीटरचा, दिसायला अगदी सुस्त प्रवाहही पुरतो. म्हणून ओढ्यात उतरण्यापूर्वी काठावर सरळ ५ मीटर अंतर मोजा, वरच्या टोकाला काटकी टाका आणि घड्याळ लावा. गुडघ्याखालच्या पाण्यातसुद्धा काटकीला ६ सेकंदांपेक्षा कमी लागले तर पलीकडे जायचे नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर काटकी टाकण्याचीही गरज नाही.

पण पाणी आत्ता किती आहे, यापेक्षा अर्ध्या तासाने किती असेल हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारास एक प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. ओढ्याच्या वरच्या अंगाला ज्या ज्या उतारांचे पाणी त्यात येते तेवढा भाग पेन्सिलीने घेरा आणि चौरस मोजा. हे झाले पाणलोट क्षेत्र. समजा, ते ३ चौरस किलोमीटर निघाले. त्यावर तासात ४० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झाले १,२०,००० घनमीटर. ऑगस्टअखेर जमीन भिजून तुडुंब असते. तरी निम्मेच पाणी तासाभरात ओढ्यात आले असे धरू. सेकंदाला जवळजवळ १७ घनमीटर! ओढा ५ मीटर रुंद आणि वेग सेकंदाला २ मीटर, तर खोली दीड मीटरच्याही वर. सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून गेलेल्या नववीतल्या मुलाच्या नाकातोंडात दुपारी पाणी जाईल. आणि तो पाऊस तुमच्या डोक्यावर पडलेला असेलच असे नाही. तो वर सड्यावर पडतो आणि तुमच्याकडे ऊनही असू शकते.

हे गणित मला पाठ होते, तरी एकदा मी चुकलो. दहा वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याच्या एका अनाम धबधब्यावर अकरावीची चौदा मुले घेऊन गेलो होतो. ओढा पोटरीइतका होता. पलीकडे गेलो, डबे खाल्ले आणि मी उष्णतामापक काढून वरच्या व खालच्या पाण्याचे तापमान घ्यायला बसलो. तेवढ्यात इरले घेतलेले एक गुराखी आजोबा आले आणि म्हणाले, "मास्तरांनु, पावसान वर काळोख केल्यान हा. पोरांका आदी पल्याड व्हरा." मी म्हटले, दहाच मिनिटे, एवढे वाचन होऊ द्या. दहा मिनिटांनी पाणी चहाच्या रंगाचे झाले, पाने आणि काटक्या वाहू लागल्या, आवाज जाडसर झाला. ओढ्याशी आलो तेव्हा तो मांडीच्या वर होता. दोन मुले म्हणाली, हात धरून साखळी करू. मी नाही म्हटले. त्या दिवशी माझ्याकडून झालेली बरोबर गोष्ट तेवढीच. साडेतीन तास आम्ही उंच खडकावर बसून राहिलो. लहान पाणलोटाचा ओढा लवकर चढतो तसा पाऊस थांबल्यावर लवकर उतरतोही. एस.टी. गेली. आजोबांच्या वाडीत मुलांना गरम पेज मिळाली, आणि रात्री नऊला पालकांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. तेव्हापासून आमच्या सामानात वाट पाहण्यापुरते जास्तीचे खाणे असते, आणि पाण्याचा रंग बदलला की वाचन अर्धवट टाकून निघायचे हे ठरलेले असते.

आदल्या संध्याकाळी भारतीय हवामानशास्त्र विभागाचा इशाराही पाहा. चोवीस तासांत ६४·५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस "जोरदार", ११५·६ पासून "अतिजोरदार" आणि २०४·४ च्या वरचा "अत्यंत जोरदार" धरतात. जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर सहल पुढे ढकलायची, त्यावर चर्चा नाही. काही धबधब्यांवर प्रशासनाची बंदीही असते, तीही विचारून घ्या. माझ्या मते जुलैपेक्षा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. पाणी पुरेसे, पाऊस थांबून थांबून.

कुठे जायचे आणि काय पाहायचे

सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर. तिथून बेळगावच्या रस्त्याने साधारण १० किलोमीटरवर नांगरतास आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको की नांगराने जमिनीत पडलेल्या रेघेला तास म्हणतात. इथे पाणी रुंद कड्यावरून न पडता खडकातल्या अरुंद, खोल चिरेत कोसळते. नाव देणाऱ्याची नजर भूगोलाच्या मास्तरांपेक्षा चांगली होती!

या चिरेची खोली किती? दगड टाकून मोजू नका. ४० मीटरवरून पडलेला दगड तळाशी ताशी १०० किलोमीटर वेगाने पोहोचतो आणि खाली कोण आहे ते वरून दिसत नाही. त्याऐवजी पाण्याचाच एखादा वेगळा दिसणारा झुपका नजरेने धरा आणि त्याला खाली जायला लागणारा वेळ मोजा. दोन सेकंद लागले तर खोली सुमारे २० मीटर. मात्र चार सेकंदांना सूत्र ७८ मीटर सांगते, त्यावर विश्वास ठेवू नका. पाणी पडताना फुटते, थेंब होतात आणि थेंबाला हवेचा रोध लवकरच अंतिम वेगावर आणतो. १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला ४ मीटरच्या वर जात नाही, २ मिलिमीटरचा साडेसहा आणि ५ मिलिमीटरचा ९ मीटर.

हेच आकडे घेऊन आंबोलीजवळच्या गेळे गावातल्या कावळेसादला जा. तिथे दरीत पडणारे पाणी वाऱ्याच्या दिवशी उलटे वर येते आणि कड्यावरच्या माणसांना भिजवते. लोक याला चमत्कार म्हणतात. दरीतून कड्यावर आपटून वर वळणारा वारा सेकंदाला ९ मीटरच्या वर असेल तर सर्वांत मोठा थेंबसुद्धा खाली जाऊ शकत नाही, एवढाच तो चमत्कार. म्हणून धार बारीक आणि वारा जोराचा हवा. जाड धारेला वारा उचलू शकत नाही. हे सारे कठड्याच्या आत उभे राहूनच पाहायचे. वर येणारा वारा झुळकीझुळकीने येतो आणि मध्येच थांबतो.

धबधब्याखालच्या कुंडात पोहायचे का, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. नाही. कोसळणारे पाणी हवा घेऊन जाते. त्या फेसाळ पाण्यात पाचवा हिस्सा हवा असेल तर त्याची घनता लिटरला ८०० ग्रॅम होते. छातीत श्वास भरलेल्या माणसाची घनता साध्या पाण्याहून किंचित कमी असते, पण ८०० पेक्षा बरीच जास्त. म्हणजे पट्टीचा पोहणाराही तिथे तरंगत नाही.

आता तापमानाचे राहिले. पाणी उंचावरून पडले की स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते आणि तळाशी तिची उष्णता. मग खालचे पाणी किंचित गरम असायला हवे. १८४७ मध्ये जेम्स जूल लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्सच्या धबधब्यांवर हेच मोजायला उष्णतामापक घेऊन निघाला होता, असे विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, लिहून ठेवले आहे. पण पाणी फार फुटून तुषार होत असल्यामुळे मोजमाप जमले नाही. गणित सांगते की ३० मीटरच्या धबधब्याला वाढ फक्त ०·०७ अंश. आमच्या प्रयोगशाळेच्या उष्णतामापकावर एकेका अंशाच्या रेघा. तरी गेल्या वर्षी एका छोट्या, सुरक्षित धारेवर आम्ही वाचने घेतलीच. वर २३ अंश, खाली जवळजवळ अर्धा अंश कमी! मुलांना वाटले प्रयोग फसला. मी त्यांना तुषारांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा हिशेब करायला दिला आहे. त्यांची उत्तरे अजून यायची आहेत.