तिसरा माग

स्क्रीनवर चार चौकोन. प्रत्येकात एक माग, मागावर वर सरकत जाणारी कापडाची पट्टी आणि कोपऱ्यात बारीक होत जाणारी सुताची कांडी. चौकोनांच्या मधोमध बोटाएवढा विणकर. कांडी संपायच्या आत त्याला त्या मागापाशी न्यायचं, कळ दाबायची, की धोट्यात नवी कांडी बसते. मध्येच सुताची तार तुटली तर कळ दाबून धरायची. गाठ बसेपर्यंत तो तिथून हलत नाही आणि बाकीचे तीन माग त्याच्यासाठी थांबत नाहीत.

हा गेम कल्याणजवळच्या मोहन्यात तयार होतोय, आमच्या मजल्यावर. करणारी शेजारची मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी आंबिवलीहून लोकल पकडायची, संध्याकाळी तशीच लोंबकळत परत यायचं आणि जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा. ‘गोडो’ नावाचं इंजिन ती वापरते. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बांधलं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यामुळे खर्च फक्त विजेचा आणि झोपेचा. माझं काम एवढंच, की ती देईल ते खेळायचं आणि हरताना तोंडावर काय उमटतं ते तिला बघू द्यायचं.

एकाच वेळी अनेक चौकोन सांभाळायला लावणारे खेळ नवे नाहीत. फ्लॅशच्या काळात ‘मल्टिटास्क’ नावाचा एक छोटा ब्राउझर गेम होता. आधी तोलून धरायचा एक चेंडू, तो जरा जमतोय म्हणेपर्यंत शेजारी दुसरा खेळ उघडायचा, मग तिसरा. एकात चुकलात की सगळंच संपलं. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि असे हजारो हौशी खेळ ब्राउझरमधून गेले. नासाने तर १९९२ मध्ये हाच प्रकार प्रयोगशाळेत नेला. वैमानिकांवरचा ताण मोजण्यासाठी एकाच पडद्यावर दिवे आणि डायल, हलतं लक्ष्य, इंधनाच्या टाक्या आणि कानात रेडिओवरच्या सूचना.

तिची पहिली आवृत्ती याच जातीची होती. तार कधीही, कुठेही तुटायची. बोटं धावायची, छाती धडधडायची, पण डोक्याला काही काम नव्हतं. “काका, हे कोडं नाहीये, ही नुसती पळापळ आहे,” असं तिनेच एका रात्री जाहीर केलं.

वळण मिळालं ते यंत्रमागांच्या भिवंडीत. मागांचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा म्हणून आम्ही कल्याणहून बस धरून गेलो होतो. ओळखीतून एका कारखान्यात शिरकाव मिळाला. आत बोलणं अशक्य. धोटे इकडून तिकडे आपटत होते आणि तो खडखडाट कानापेक्षा पायाच्या तळव्यांना जास्त कळत होता. एक मध्यमवयीन कामगार दोन्ही बाजूंच्या मागांच्या बोळातून चालत होता. त्याला घाई अजिबात नव्हती. एका मागापाशी थांबला, माग बंद केला, धोटा काढला, कांडी बदलली, दांडा ओढला, माग सुरू. सगळं मिळून आपण चष्मा पुसतो तेवढ्या वेळात. पण काढलेल्या कांडीवर अजून सूत होतं! आम्हाला वाटलं, नजरचूक. मग त्याने दुसऱ्या एका मागावरही तेच केलं, तिसऱ्यावर मात्र कांडी अगदी लाकडाला लागेपर्यंत चालू दिली.

बाहेर चहाच्या टपरीवर त्याने हातवारे करत उलगडा केला. दोन मागांच्या कांड्या एकदम संपायच्या बेतात आल्या की तो एकीचं थोडं सूत सोडून देतो. ती आधी बदलली की पुढे बराच वेळ दोघींच्या पाळ्या वेगळ्या पडतात. म्हणजे हा माणूस चार कामं एका वेळी करतच नव्हता. चार कामं एका वेळी अंगावर येऊ नयेत, एवढंच बघत होता. कारखानदारीच्या गणितात या टकरीचा स्वतंत्र अभ्यास आहे. एक माणूस, अनेक यंत्रं, त्यातली दोन एकदम अडली तर एकाला ताटकळावं लागतं. किती ताटकळावं लागेल, याचा हिशोब १९४७ मध्ये कॉनी पाल्म या स्वीडिश संख्याशास्त्रज्ञाने मांडला होता. टपरीवरच्या माणसाला पाल्म माहीत असण्याचं कारण नाही. पाल्मला मात्र हा माणूस बऱ्यापैकी माहीत असावा.

परत आल्यावर तिने नशिबाचा भाग काढून टाकला. आता प्रत्येक कांडी ठरलेल्या वेळात संपते, तार ठरलेल्या जागी तुटते, आणि पातळी सुरू होण्याआधी हे सगळं खेळाडूला दिसतं. अर्धी कांडी टाकून दिली तर सुताचे पैसे कापले जातात. विणकराला एका मागापासून दुसऱ्यापर्यंत चालायला वेळ लागतो, त्यामुळे समोरासमोरच्या आणि तिरप्या मागांचा हिशोब वेगळा. इथून पुढे गेम मला आवडायला लागला. हरलो की बोटांना दोष देता येत नाही. कुठली कांडी दोन फेऱ्या आधी टाकायला हवी होती, ते मागे जाऊन शोधावं लागतं.

तिच्या आजोबांनी इथल्याच एनआरसी या रेयॉन कंपनीच्या स्पिनिंग खात्यात नोकरी केली. तिथे माग नव्हते, पण आम्लाच्या टाकीतून बाहेर येणाऱ्या रेयॉनच्या तारांवर नजर ठेवत रांगेने फिरणं हेच काम. कंपनी २००९ पासून बंद आहे. आजोबांनी दोन डाव खेळून शेरा मारला, “दोन ठिकाणी एकदम बोंब झाली म्हणजे तू आधीच कुठेतरी झोपलेली होतीस.”

मध्ये एक गंमत झाली. तिला न जमलेली सातवी पातळी मी माझ्या जुन्या फोनवर आरामात पार केली आणि दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. तिला शंका आली. कांडी किती संपली हे ती वेळेवर नाही, तर चित्राच्या फ्रेमवर मोजत होती. तिच्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम, माझ्या फोनवर जेमतेम ३०. माझे माग निम्म्या वेगाने चालत होते. “काका, तुम्ही फास्ट नाही, फोन स्लो आहे.” मग प्रत्येक फ्रेमला किती वेळ गेला तो मोजून तेवढंच सूत कमी करायचं, अशी दुरुस्ती झाली. हौशी गेममधली ही फार जुनी खोड आहे म्हणे. मला मात्र तो निम्म्या वेगाचा कारखानाच न्याय्य वाटतो.

शेवटच्या पातळीवरून आमचं अजून भांडण चालू आहे. तिची कल्पना १९२८ ची. मुंबईच्या गिरणीमालकांना तेव्हा दोन माग चालवणाऱ्या विणकराकडून तीन माग चालवून घ्यायचे होते. इतर तक्रारींबरोबर हाही मुद्दा धरून एप्रिलमध्ये संप झाला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. मग या वादाच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली. सगळा वाद शेवटी सुतावर येऊन ठेपतो. चांगल्या सुतावर तिसरा माग कदाचित झेपेल. हलका कापूस मिसळला की तारा तुटतात आणि दोनच माग माणसाला पुरून उरतात.

तिने नेमकी ती पातळी बांधली आहे. फक्त तीन माग, पण सूत हलकं. कागदावर मांडून बघितलं तरी सुटत नाही, कारण गाठी मारायला लागणारा वेळच उपलब्ध वेळेपेक्षा जास्त आहे. सुटका एकच: विणकराला तिन्ही मागांपासून दूर, दाराशी नेऊन उभं करायचं आणि काहीही दाबायचं नाही. थोड्या वेळाने माग थांबतात, पातळी पार.

खेळून बघणाऱ्या तिच्या मित्रांपैकी बहुतेकांनी हा बग म्हणून कळवला. माझं म्हणणं, दार निदान उठून दिसेल अशा रंगात रंगव; आधीच्या अकरा पातळ्यांत ज्याचा काही उपयोग नाही, ते दार बाराव्या पातळीत कोणाला सुचणार? ती म्हणते, रंगवलं तर मग कोडं कुठे राहिलं. सध्या दार राखाडी आहे आणि भिंतही राखाडी.