बलकाच्या पडद्याची साक्ष

पावसाळ्यात पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागले की ओढ्याच्या बाजूने शीळ ऐकू येते. एखादा गुराखी पोर शीळ घालीत असावा असे वाटते. पण तो असतो शीळकरी कस्तूर. ऐन पावसात हा पक्षी ओढ्याकाठच्या कपारीत घरटे करतो. समजा, दोन अंड्यांतून पिल्ले बाहेर आली आणि तिसरे तसेच राहिले. आपण चटकन म्हणतो, ‘अंडे वांझ निघाले.’ हा निवाडा खरा कशावरून? त्याची साक्ष बलकाभोवतालचा पडदा देतो.

हा पडदा पाहायला कोंबडीचे अंडे पुरे. ताजे अंडे बशीत फोडले तर बलक गोल उभा राहतो, तो या पडद्याच्या बळावर. अंडे शिळे झाले की पडदा सैल पडतो व बलक पसरतो. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पण त्यात मुख्य थर दोन.

आतला थर बीजांडकोशातच तयार होतो. ती प्रथिनांच्या तंतूंची जाळी होय. याच कुळातील प्रथिने मानवी बीजांडाभोवतीही असतात. शुक्रजंतू या जाळीला भोके पाडून आत शिरतात. पुढे अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडाशी बाहेरचा थर चढतो. कोंबडीत हे काम सुमारे पाव तासात उरकते. मग वेस बंद! मागाहून आलेले शुक्रजंतू त्या थरात अडकतात. या थरात रोगजंतूंचे कवच विरघळविणारे लायसोझाइमही असते. आपल्या अश्रूंतही ते आहे. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते जगापुढे आणले.

गाणाऱ्या पक्ष्यांतही घडणीचा हाच क्रम आहे. म्हणून न फुटलेल्या अंड्याचा पडदा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की भोके आणि अडकलेले शुक्रजंतू मोजता येतात. ते भरपूर दिसले, तर अंडे बहुधा फळले होते आणि गर्भ आरंभीच मेला. मुळीच दिसले नाहीत, तर शुक्रजंतू बहुधा अंड्यापर्यंत पोचलेच नव्हते. दुर्मिळ पक्ष्यांची पैदास करताना हा भेद कळला नाही, तर चांगली जोडी वांझ ठरवून मोडली जाते.

मात्र कस्तुराच्या घरट्याला आपण हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आपल्याला कोंबडीचे अंडे आणि कस्तुराची शीळ पुरेशी आहे.