बाटली झाकून वाइन चाखताना

ब्लाइंड टेस्टिंग म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर पट्टी बांधलेला माणूस येतो. प्रत्यक्षात झाकतात ती बाटली. चाखणाऱ्याचे डोळे उघडेच असतात, कारण रंग बघूनही वाइनबद्दल बरंच कळतं. लपवायचं असतं ते नाव, देश, साल आणि किंमत. मित्रमंडळींच्या जेवणात हा प्रयोग करणार असाल तर हे आधीच सांगून टाका, नाहीतर पाहुण्यांना वाटतं, आज आपली परीक्षा आहे.

तशी परीक्षाही असते, पण ती व्यावसायिकांची. 'मास्टर ऑफ वाइन' व्हायचं तर चाखण्याचे तीन पेपर द्यावे लागतात, प्रत्येकात बारा अनोळखी वाइन. द्राक्ष कोणतं, मुलूख कोणता, दर्जा काय, हे कारणांसह लिहायचं. २०१६ मध्ये सोनल हॉलंड ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव लागतो. घरच्या जेवणात प्रश्न एवढाच असतो: नाव माहीत नसताना यातली कोणती आवडली, आणि का?

याच साध्या प्रश्नाने एकदा वाइनच्या जगात खळबळ उडवली होती. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं लपवून नऊ फ्रेंच जाणकारांपुढे ठेवल्या. पांढऱ्या वाइनमध्ये शातो मॉन्टेलेना पहिली आली, लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. लाल वाइनच्या रांगेत तर बोर्दोची मूताँ-रोथशील्ड आणि ओ-ब्रियाँ ही मातब्बर घराणी होती. तेव्हापासून 'कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवलं' असं सांगितलं जातं, पण ते ताणलेलं आहे. लाल वाइनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात अगदी थोड्या गुणांचा फरक होता. तेवढ्यावर कुणी श्रेष्ठ ठरत नाही. मला त्या दुपारचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. नाव लपलेलं असताना काही परीक्षकांनी कॅलिफोर्नियाची वाइन फ्रेंच समजून वाखाणली. नवख्या मुलखाला असा निखळ न्याय एरवी मिळत नाही.

सगळ्यात जास्त विपर्यास झाला आहे तो बोर्दोमधल्या एका प्रयोगाचा. '२००१ मध्ये सिद्ध झालंय, जाणकारांनाही लाल आणि पांढरी कळत नाही, सगळं थोतांड आहे,' असं लोक छातीठोकपणे सांगतात. प्रयोग काय होता ते बघा. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वासाचं वर्णन करायला सांगितलं. एका ग्लासात पांढरी वाइनच होती, पण तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी त्या ग्लासासाठी लाल वाइनला वापरतात ते शब्द वापरले. 'ही लाल की पांढरी?' असा प्रश्न त्यांना नव्हताच. शिवाय रंग त्यांना दिसत होता. डोळ्यांनी नाकाला चकवलं. म्हणजे झाकून चाखण्याची पद्धत या प्रयोगाने मोडीत निघत नाही, उलट तिची गरजच त्यातून दिसते. रंगाचाही प्रभाव नको असेल तेव्हा काळे ग्लास वापरतात ते याचसाठी.

किमतीचंही तसंच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात एकच वाइन एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली. नव्वदची लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूतला आनंदाशी निगडित भागही तेव्हा जास्त सक्रिय दिसला. ती माणसं आव आणत नव्हती, त्यांना ती खरंच जास्त आवडत होती. म्हणून 'मी किमतीला भुलत नाही' या खात्रीवर विसंबू नये, बाटली झाकावी.

'मिरी, ढोबळी मिरची असले वास लेबलवर लिहायला बरे, वाइनमध्ये कुठून येणार?' ही शंका नेहमीची. तसं काही वरून घातलेलं नसतं, वास मात्र खरे असतात. काळ्या मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन हे द्रव्य शिराझ द्राक्षातही असतं. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरचीतलीच पायराझिन्स सापडतात. गंमत पुढे आहे: साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. तेव्हा नाशिकची शिराझ हुंगून एक मित्र 'मिरी!' म्हणाला आणि दुसरा 'छे' म्हणाला, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

घरी करताना घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. नुसतं लेबल झाकून भागत नाही. उतरत्या खांद्याची बाटली बर्गंडीकडे बोट दाखवते, फिरकीचं झाकण उघडल्याचा आवाजही ओळखू येतो. म्हणून एकाने आत बाटल्या उघडून कागदात गुंडाळाव्यात आणि दुसऱ्याने, कोणती कुठली हे न बघता, त्यावर आकडे टाकावेत. मग यजमानालाही चाखता येतं. सगळ्या बाटल्या एकाच प्रकारच्या ठेवा, सगळ्या शेनिन ब्लाँ किंवा सगळ्या शिराझ. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा नियम थंड मुलखातला. पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर नुसती दारू नाकात जाते. उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको आणि हिंगाची फोडणी तर नकोच. चाखणं जेवणाआधी उरकून घ्या. तांबडा रस्सा खाल्ल्यावर जीभ पोळलेली असते, मग लाल वाइनचा तुरटपणाही जास्त बोचतो. तोवर साधा पाव आणि पाणी पुरे. थुंकायला भांडं ठेवण्यात काही गैर नाही, व्यावसायिक तेच करतात. आणि प्रत्येकाने आधी लिहायचं, मग बोलायचं. एकाने 'आंबट आहे' म्हटलं की सगळ्यांना आंबट लागते.

एखाद्याला आपल्या जिभेची फारच खात्री असेल तर त्याच्यापुढे तीन ग्लास ठेवा, दोन एकाच वाइनचे आणि एक वेगळ्या. वेगळा कोणता ते सांगायचं. एकदा बरोबर आलं तर ते नशीबही असू शकतं, तीनात एक संधी असतेच. जागा बदलून लागोपाठ तीन फेऱ्या बरोबर आल्या तर मनापासून दाद द्या, निव्वळ अंदाजाने असं सत्तावीसांत एकदाच होतं.