भोपाळचे विष आणि गरिबाची विहीर



१९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाईड कारखान्यातून विषारी वायू सुटला. सर्वांत जास्त माणसे दगावली ती कारखान्यालगतच्या झोपड्यांत. वायू वाऱ्याबरोबर गेला. पण आवारात पुरलेला व बाहेरच्या तळ्यांत सोडलेला कचरा तिथेच राहिला. पावसाचे पाणी त्यातून झिरपले आणि शेजारच्या वस्त्यांचे भूजल नासले. त्यांना स्वच्छ पाणी द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला.

२०२५ च्या जानेवारीत तेथील सुमारे ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला व त्याच वर्षी जाळला. आपल्या पाण्याच्या काळजीने तेथील लोकांनी विरोध केला. बंगल्यांच्या वसाहतीशेजारी असा कचरा कोणी नेत नाही.

आपल्या शिवाराजवळ कारखाना असेल तर ध्यानात ठेवा: पाणी उकळल्याने जंतू मरतात, रसायने व जड धातू जात नाहीत. विहिरीच्या पाण्याचा रंग, वास वा चव बदलली तर ते पिऊ नका, गुरांनाही पाजू नका. तारीख लिहून ठेवा, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि दहा घरांनी मिळून ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. एकट्याचा कागद पडून राहतो. गावाचा कागद वाचावा लागतो.