माया मृण्मूर्ती : घर, थडगे आणि शिट्टी

मेक्सिकोच्या कांपेचे किनाऱ्यालगतचे हैना हे छोटे बेट, मुख्य भूमीपासून एका अरुंद खाडीने तुटलेले आणि पुष्कळसे माणसांनीच भर घालून उंचावलेले, माया संस्कृतीच्या उत्तर अभिजात कालखंडात, म्हणजे साधारण इ.स. 600 ते 900 या काळात, मोठी दफनभूमी होते. तेथे मृतांच्या हातांत किंवा छातीवर ठेवलेल्या मृण्मूर्ती, म्हणजे भाजलेल्या मातीच्या छोट्या मूर्ती, सापडल्या. कमरेच्या पट्ट्याने ताणून धरलेल्या मागावर विणणारी स्त्री, जाड कमरबंद बांधलेला चेंडूचा खेळाडू, बंदिवान, फुलातून वर येणारी मानवाकृती असे त्यांचे विषय असून, काही मूर्ती पूर्णपणे हाताने घडवलेल्या, तर काही साच्यातून काढलेल्या आहेत. नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची चिकणमाती एकत्र तापवून केलेला टिकाऊ ‘माया निळा’ रंग काहींवर अजूनही दिसतो.

यांतील अनेक मूर्ती पोकळ असून त्या शिट्ट्या किंवा खुळखुळे आहेत, ही महत्त्वाची गोष्ट संग्रहालयाच्या काचेआड सहज नजरेतून सुटते. माया कलेत श्वास, सुगंध आणि प्राण यांची सांगड फुलाच्या प्रतीकाने घातलेली आढळते. त्यामुळे फुंकरीने बोलणारी मूर्ती मृताच्या हाती देणे ही निव्वळ सजावट असणे संभवत नाही.

मात्र या मूर्ती केवळ मृतांसाठी होत्या, असे मानणे चूक ठरेल. ग्वातेमालातील आग्वातेका हे नगर इ.स. 810च्या सुमारास हल्ल्यात जळाले, रहिवाशांना घरातील वस्तू मागे टाकून पळावे लागले, आणि त्या वस्तूंमध्ये मृण्मूर्तीही होत्या. म्हणजेच दैनंदिन संसारातही त्यांना स्थान होते. मूर्तीचा धार्मिक अर्थ तिच्या चेहऱ्यावरून जितका कळतो, त्याहून अधिक तो ती कोठे आणि कोणाच्या सोबतीने ठेवली होती यावरून कळतो, आणि म्हणूनच हैनातील असंख्य थडगी लुटारूंनी फोडली ही हानी केवळ मालमत्तेची नाही. बाजारातून संग्रहात पोहोचलेली मूर्ती सुंदर असते, पण तिचे शेजारी कायमचे हरवलेले असतात.

शेजार शाबूत राहिला तर किती उलगडते, हे ग्वातेमालातील एल पेरू-वाका येथे 2006 साली उघडलेल्या, सातव्या शतकातील एका राजथडग्यात दिसले. तेथे 23 मृण्मूर्ती एका प्रसंगाच्या मांडणीत ठेवलेल्या होत्या : राजा, राणी, दरबारी, बुटके सेवक, आणि त्यांच्यात गुडघे टेकून बसलेला पुरुष व त्याच्या पाठीशी हरिणरूपी सहायक आत्मा. संशोधकांच्या मते तो गुडघे टेकलेला पुरुष म्हणजे दिवंगत राजाच असून, त्याच्या पुनरुत्थानासाठी चाललेला विधी येथे मातीत मांडला आहे. आणि हरिण हे त्या विधीत त्याला साहाय्य करणारे अलौकिक रूप आहे.